आधी नऊ ठोके

व्होझेलात पुरुष मेला की घंटेचे नऊ ठोके पडतात, बाई मेली की सहा. बाईला तीन कमी का, हे विचारायच्या भानगडीत आमच्या गावात कुणी पडलं नाही. फिलिबेर्त गोतेने मात्र एकदा फादरना विचारलं होतं. फादर म्हणाले, रीतच तशी आहे. त्यावर ती म्हणाली, "मग रीत कुणा पुरुषानंच घातली असणार." फादर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि तिला ते दोन दिवस चांगलेच गेले.

ही बाई सत्याऐंशी वर्षं जगली आणि त्यातली सत्त्याहत्तर वर्षं तिने आमच्या मनोऱ्यातला दोर सांभाळला. तेवढ्या काळात पॅरिसच्या गादीवर इतके जण चढले नि इतके जण कोसळले की आमच्या गावकचेरीतल्या भिंतीवरचा खिळा ढिला झाला. तसबिरी बदलून बदलून! घंटा मात्र तीच राहिली. तिचं नाव ज्युस्तीन. आमच्याकडे घंटेचं रीतसर बारसं होतं, तिला धर्ममाता असते, आणि गावकरी तिच्याबद्दल घरातल्या बाईबद्दल बोलावं तसं बोलतात.

आधी घंटा तीन होत्या. क्रांती झाली, राजाचं डोकं उडालं आणि मग तोफा ओतायला धातू हवा म्हणून त्यातल्या दोन उतरवायला माणसं आली. घंटावाला होता फिलिबेर्तचा बाप. दुसरी घंटा खाली घेताना दोर सुटला आणि बापाचा उजवा हात कायमचा गेला. त्याच हिवाळ्यात तिची आई बाळंतपणात वारली. मागे राहिलं ते आंदोश नावाचं तान्हं पोर, एका हाताचा बाप आणि दहा वर्षांची फिलिबेर्त. बाप डाव्या हाताने दोर धरायचा, ती दोन्ही हातांनी लोंबकळायची, आणि दोघं मिळून ज्युस्तीनला हलवायची. भाऊ खाली टोपलीत शेळीचं दूध पिऊन झोपायचा. पोरगं बहिरं होणार, असं सगळं गाव म्हणायचं. बहिरा तर झाला नाहीच, उलट ठोके मोजायला तो बोलण्याआधी शिकला.

बाप गेल्यावर दोर तिचा झाला. बाईमाणूस घंटावाली कशी, म्हणून कुरकुर झाली. पण जुलैत डोंगरामागून काळा ढग वर आला की सगळ्यांची तोंडं गप्प व्हायची. आमचं गाव द्राक्षांवर जगतं आणि गारा पाव तासात वर्षाचं पोट मारतात. ढग डोक्यावर असेपर्यंत घंटा अखंड वाजत ठेवायची, मग ढग फुटतो, ही आमची पिढ्यांची समजूत. सरकारने याला बंदी घातली होती, शिकलेली माणसं हसत होती. हसू देत बापडी. त्यांची वाइन पिंपात होती, आमची वेलीवर. ती गारांची घंटा फिलिबेर्तसारखी कुणालाच वाजवता येत नव्हती, आणि त्याबद्दल सुगीला प्रत्येक घरातून तिच्या दारात एक बादली वाइन यायची.

आता राजाच्या जागी पुढे आलेल्या सम्राटाचं सांगायचं तर खोटं कशाला बोलू, तिलाही तो आवडायचा. सगळ्यांनाच आवडायचा. जमीनदारांकडून घेतलेले मळे त्याने परत जाऊ दिले नाहीत, क्रांतीत हाकललेल्या फादरना परत आणलं, आणि लढाई म्हणून हरत नव्हता. प्रत्येक विजयाला वरून हुकूम यायचा की आनंदाचा गजर करा, आणि फिलिबेर्त बाह्या सारून गजर करायची. ऑस्टरलिट्झच्या वेळी तर हुकूम अर्ध्या तासाचा होता, हिने तासभर वाजवली.

आंदोश एकोणीस वर्षांचा झाला आणि त्याची चिठ्ठी निघाली. पिशवीत हात घालायचा, आकडा लहान निघाला की शिपाई, मोठा निघाला की सुटका. त्याचा आकडा निघाला चौदा. निघताना वाटेला लागल्यावर तो पुन्हा मागे फिरला आणि बहिणीला म्हणाला, "ताई, मी परत आलो ना, की असा गजर कर की बोन गावाला ऐकू गेला पाहिजे." ती म्हणाली, आधी पायमोजे बदलत जा, गजराचं मी बघते.

पुढच्या उन्हाळ्यात बातमी आली की जर्मनीत बाउत्झेनला सम्राटाने मोठी लढाई मारली. आता तह होणार, पोरं घरी येणार, असं मेयर द्युरय यांनी चौकात वाचून दाखवलं. हे द्युरय वाइनचे व्यापारी. वारा येईल तशी पाठ देणारा माणूस, टोपीला लावायची सगळ्या पक्षांची फुलं एकाच खणात ठेवायचा. फिलिबेर्तने त्या दिवशी दोर हातात घेतला तो सोडलाच नाही. हुकूम तासाचा होता, हिने दोन तास वाजवली. बोनला ऐकू गेली. घामाने निथळत खाली उतरली तेव्हा ती हसत होती आणि तळहातांची सालटं निघाली होती.

नोव्हेंबरात शेजारच्या गावचा एक शिपाई लाकडी पायावर परत आला. तो आंदोशच्याच तुकडीतला. बाउत्झेनची लढाई दोन दिवस चालली; दुसऱ्या दिवशी सकाळी आंदोश पोटात गोळी लागून पडला होता आणि दुपारी गेला होता. पायमोजे कोरडे होते, एवढंही त्याने सांगितलं. आंदोशनेच सांगायला लावलं होतं म्हणे.

फिलिबेर्त रडली की नाही हे कुणाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती फादरकडे गेली आणि भावासाठी नऊ ठोके वाजवायची परवानगी मागितली. फादर म्हणाले, सैन्याचा कागद आल्याशिवाय माणूस मेला असं मला म्हणता येत नाही. मेयरकडे गेली. द्युरय म्हणाले, वरून तोंडी हुकूम आहे, शिपायांसाठी मृत्यूचे ठोके नकोत, लोकांचं मन खचतं. विजयाचे गजर मात्र चालू होते. ती घरी आली आणि पहिल्यांदा तिच्या डोक्यात ते नीट उभं राहिलं. ज्या मरणाला नऊ ठोके द्यायचे, त्याला तिने दोन तास आनंदाचा गजर दिला होता. तोही हसत. ही गोष्ट तिने पुढे कधी कुणावर ढकलली नाही, सम्राटावरसुद्धा नाही. चूक माझी, म्हणायची. मी विचारलंच नाही कोण मेलं.

वसंतात सम्राट कोसळला आणि डोकं उडालेल्या राजाचा भाऊ गादीवर आला. द्युरय यांनी खणातून राजाच्या पक्षाचं पांढरं फूल काढलं आणि गजराचा हुकूम दिला. फिलिबेर्त मनोऱ्यात चढली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मोठ्याने हाक मारावी तसं म्हणाली, "आंदोश गोते." मग नऊ ठोके. मग दुसरं नाव, पुन्हा नऊ. त्या वीस वर्षांत आमच्या गावातून लढाईला गेलेले नि परत न आलेले एकोणीस जण होते. एकोणीस नावं झाली तेव्हा चौकातल्या आया एप्रनने डोळे पुसत घरी निघाल्या होत्या. ती खाली उतरून म्हणाली, आता हात दुखतात, गजर नाही होणार. द्युरय उलट खूश झाले. सम्राटाची पापं बाईने चव्हाट्यावर मांडली, आपल्याच बाजूची निघाली, असं वाटलं त्यांना. माणसाला स्वतःचीच बाजू सगळीकडे दिसते.

वर्षभराने सम्राट त्याला ठेवलेल्या बेटावरून पळाला आणि आमच्याच प्रांतातून पॅरिसकडे निघाला. हा आनंद आता सांगून कुणाला खरा वाटायचा नाही. टोप्यांना सम्राटाच्या पक्षाची व्हायोलेटची फुलं, पिंपं फोडलेली, म्हातारे शिपाई रस्त्यात रडत होते. गावापासून दोन कोसांवरच्या हमरस्त्याने तो जाणार होता. द्युरय यांच्या टोपीवर व्हायोलेट होतंच. त्यांनी हुकूम दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि वरून फिलिबेर्तचा आवाज आला, "आंदोश गोते."

आधी लोकांना कळलंच नाही. तिसऱ्या नावाला कुणीतरी शिवी हासडली, पाचव्या नावाला मनोऱ्यावर चिखल बसला. तिने एकही नाव गाळलं नाही. एकोणीस नावं, दर नावाला नऊ, घाई न करता. ती संपवून खाली आली तेव्हा दारात अख्खं गाव उभं होतं.

"तू राजाची हस्तक आहेस," द्युरय म्हणाले.

"गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात मी तुमची आहे. तुम्हीच ठरवा एकदा."

"तुला गजर करायला सांगितलं होतं."

"करीन ना. माझा नियम एवढाच आहे, मेयरसाहेब. आधी नावं, मग गजर. राजाला हाच लावला, सम्राटालाही हाच. मोजताना कुणाला ठोके जास्त झाले असतील, तर त्यांनी माणसं कमी मारावीत."

त्याच संध्याकाळी तिच्याकडून चावी काढून घेतली. दोर गेला तुसेंच्या हातात. तुसें म्हणजे गावचा राखणदार. माणूस वाईट नव्हता, पण घंटा त्याने बापजन्मात वाजवली नव्हती. फिलिबेर्तला कुणी पाव विकेना, पाणवठ्यावर बायका बाजूला सरायच्या. ज्यांच्या पोरांची नावं तिने घेतली त्यांतल्याही काही जणी सरायच्या. तिने मान खाली घातली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. हिचा तर सुंभही जळला नव्हता.

जूनमध्ये वॉटर्लू झालं, सम्राट गेला तो कायमचा. खणातून पुन्हा पांढरं फूल निघालं. तुसेंने गजर केला, आणि कुणी फारसं ऐकलं नाही. जुलैत एका दुपारी डोंगरामागून ढग वर आला, शिशासारखा, कडेला हिरवट. तुसें धावत मनोऱ्यात गेला. गारांची घंटा थांबवायची नसते आणि दोर कधी हाताला गुंडाळायचा नसतो; तुसेंने गुंडाळला, आणि ज्युस्तीनने त्याला दोन माणसांच्या उंचीइतकं वर उचललं आणि खाली आपटलं. खांदा निखळला. घंटा गप्प झाली आणि सगळ्या गावाला ती गप्प झालेली ऐकू आली.

फिलिबेर्त दारात बसून घेवडा सोलत होती. आधी बायका आल्या.

"फिलिबेर्त, ढग बघ."

"बघतेय की."

मग द्युरय आले, धापा टाकत, हातात चावी घेऊन. उतारावरचा सगळ्यांत मोठा मळा त्यांचाच. त्यांनी चावी पुढे केली. तिने शेंग सोलली.

"आधी बोला," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"आता काय बोलत बसायची वेळ आहे? ढग वर आलाय!"

"मग थोडक्यात बोला."

गर्दीतून पेरनो म्हातारी पुढे आली. तिची दोन पोरं त्या एकोणिसांत होती. ती म्हणाली, पोरी, उतारावर माझ्याही चार ओळी आहेत गं, तेवढंच राहिलंय माझं. हे मात्र फिलिबेर्तला लागलं. तिचे हात थांबले. क्षणभर वाटलं की ती उठणार. ती उठली नाही, आणि हे तिचं निर्दयपण मी झाकून ठेवणार नाही. म्हातारीकडे बघत ती द्युरयना म्हणाली, "ऐकलंत ना? तिचा मळा तुमच्या जिभेवर आहे."

पहिली गार छपरावर टणकन वाजली. द्युरय यांनी टोपी काढली आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "आधी नावं, मग गजर. कुणाचंही राज्य असो. झालं समाधान?"

तिने शेंगांची परडी पेरनो म्हातारीच्या हातात दिली, चावी घेतली आणि धावली. दीड तास ज्युस्तीन थांबली नाही. गारा पडल्या, पण पडल्या त्या डोंगराच्या पलीकडे. आमच्या बाजूला वरच्या चार ओळी झडल्या, बाकी मळे वाचले. आता घंटेने ढग फुटला की वाऱ्याने, यावर तुम्ही खुशाल वाद घाला. व्होझेलात त्यावर कुणी वाद घातला नाही. त्या सुगीला तिच्या दारात बादल्या ठेवायला जागा पुरली नाही, आणि द्युरयची बादली ओळखून तिने ती तेवढी तुसेंकडे पाठवली, खांद्याला चोळायला.

त्यानंतर पंचावन्न वर्षं हा नियम चालला. राजा गेला, दुसरा आला, तोही गेला, तिसरा आला, तोही गेला, प्रजासत्ताक आलं, ते थोरल्या सम्राटाच्या पुतण्याने गिळलं आणि तो स्वतः सम्राट झाला. पंधरा ऑगस्टला त्याचा सण ठरला. नवनवे मेयर आले, प्रत्येकाला वाटायचं आपण म्हातारीला वाकवू. क्रिमियात चार पोरं गेली, इटलीत तीन, नावांची यादी वाढत सव्वीसवर गेली. शेवटी मेयर लोक शहाणे झाले. गजराचा हुकूम आला की ते वर लिहून कळवायचे, घंटा उत्साहात वाजवण्यात आली, आणि खाली कुणी दोराला हातही लावायचं नाही. असा सम्राटाचा सण आमच्याकडे वर्षानुवर्षं कागदावरच वाजला. एकदा पोलीस चौकशीला आला, तेव्हा तिने त्याच्यासमोर सव्वीस नावं घेतली. अर्ध्यावर त्याने टोपी काढली आणि नंतर कसलाही जबाब न लिहिता तो निघून गेला.

मग सत्तर साल उजाडलं. पुतण्याने जर्मनांशी लढाई काढली आणि सप्टेंबरात सेदांला सैन्यासकट कैद झाला. पॅरिसात प्रजासत्ताक आल्याची बातमी आमच्याकडे आली तेव्हा मेयर होता बेनीन्य मारोत, पन्नाशीचा, पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा. मे महिन्यातल्या सार्वमतात त्याने सम्राटाला हो म्हणून मत टाकलं होतं, सगळ्यांनीच टाकलं होतं. आता त्याने कचेरीतला सम्राटाचा पुतळा खुराड्यामागे ठेवला, तिरंगी पट्टा कमरेला बांधला आणि मंडळींना घेऊन मनोऱ्याकडे निघाला. लोक गात होते. या वेळी तर म्हातारी स्वतःच दोराला झोंबेल, अशी सगळ्यांची खात्री.

ती मनोऱ्याच्या दगडी पायरीवर बसली होती. दोर आता दोघी-तिघी बायका ओढायच्या, ती फक्त मोजायची. पण चावी तिच्या गळ्यात होती.

"गोतेआई," मारोत म्हणाला, "पुतण्या गेला. हे तर तुझंच राज्य आलं. आज गजर होऊ दे."

"आपले किती गेलेत या लढाईला?"

"अकरा."

"पत्रं कुणाकुणाची आली?"

ऑगस्टच्या मध्यापासून एकाही घरात पत्र नव्हतं.

"मग मी नावं कुणाची घेऊ? कोण मेलंय ते मला ठाऊक नाही. तुला आहे?"

मागून कुणीतरी ओरडलं की म्हातारी सम्राटाला विकली गेली. ती म्हणाली, सम्राटाच्या लोकांनी मला राजाला विकली होती, माझा भाव बरा चाललाय. लोक हसले, पण मारोत हसला नाही. तो खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, नावं राहू देत आज, नुसता गजर कर, ही गाणारी पोरंच आहेत, आनंद हवाय त्यांना.

"नुसता गजर मी बाउत्झेनला केला होता," ती म्हणाली. "दोन तास. हसत केला. तिकडं आंदोश..." तिला पुढचं बोलता आलं नाही. सत्तावन्न वर्षं झाली होती, आणि तरी आलं नाही. मग तिने विचारलं, "तुझा सेंफोरियें कुठं आहे रे, बेनीन्य?"

मारोतचा मुलगा त्या अकरांत होता. सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्या सकाळी गाण्याच्या भरात कुणी बोललं नव्हतं.

"सेदांला," मारोत म्हणाला.

"मग तुझ्या हातून हे मी होऊ देणार नाही. माझ्या हातून झालं तेवढं पुरे. चावी हवी तर मानेसकट घे."

तेवढ्यात बोनच्या घंटा सुरू झाल्या. मग पलीकडच्या गावच्या, मग खालच्या खोऱ्यातल्या सगळ्या एकदम. आनंदाचा असा गजर आमच्या भागात कित्येक वर्षांत झाला नव्हता. त्यात फक्त व्होझेल गप्प होतं. मारोतने कमरेचा पट्टा सोडला, घडी घातली, खिशात ठेवला. लोक एकेक करून आपापल्या मळ्याकडे गेले.

तेराव्या दिवशी पत्र आलं. मारोत चौकातून पळत आला, वय विसरून, पत्र डोक्यावर धरून. सेंफोरियें जिवंत होता, जर्मनांच्या कैदेत, पायाला जखम, पण जिवंत. फिलिबेर्तने मारोतचा चेहरा आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ती रडली, सगळ्यांसमोर, मोठ्याने. तिला रडताना आमच्या गावाने तेवढं एकदाच पाहिलं. मारोतही रडत होता.

"आता तरी, गोतेआई," तो म्हणाला. "आता वाजव."

तिने एप्रनने नाक पुसलं, गळ्यातली चावी चाचपली आणि मनुकांसारख्या सुरकुतलेल्या बोटांनी त्याच्या हाताला धरून त्याला पायरीवर बसवलं.

"अजून दहा आहेत," ती म्हणाली.

मारोतने पत्र खिशात ठेवलं. खालच्या वाटेवर टपालवाला वळणाशी दिसत होता, आणि दोघं तिथेच बसून तो वर यायची वाट बघू लागले.